आजीचं वय

(मुंबईतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. दोन-चार ठिकाणी तुटलेली वाक्यं जोडली, एवढंच.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर 'आदिवासी स्त्री आणि क्रांतीची दिशा' असा विषय छापलाय. तो मीच कळवला होता. त्यावर वीस पानं लिहूनही झाली होती. मार्क्स होता, बाबासाहेब होते, सगळं होतं. ती पानं घरी ठेवून आलोय. मधल्या काळात माझी आजी वारली.

हसा. कॉलेजात पोरं हाच विनोद करायची, 'वारली वारली' म्हणून. तेव्हापासून मी मेली म्हणतो. माझी आजी मेली, आणि आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे. ज्यांना क्रांतीची दिशा ऐकायची होती त्यांची माफी मागतो.

आणखी एक. ती आमच्या बोलीत बोलायची. ती बोली मी इथं काढली तर तुमच्यातले अर्धे हसतील आणि उरलेले 'किती गोड' म्हणतील. दोन्ही नको. म्हणून तिचं बोलणं तुमच्या मराठीत आणून सांगतो. त्यात निम्मं सांडणार, हे धरून चाला.

बोर्डी तुम्हाला माहीत असते ती समुद्रावरची. सुरूची झाडं, ओहोटीला लांब मागं जाणारं पाणी, पारशी-इराण्यांच्या चिकूवाड्या, शाळांच्या सहली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय मिळालं. म्हणजे चिकूच्या मागं त्याच्या गावाचं नाव आता कायद्यानं लागलं. चांगली गोष्ट आहे. तो चिकू तोडणाऱ्या, धुणाऱ्या, निवडणाऱ्या बायांची नावं कुठल्या वहीत सापडतात का बघा. सापडली तर मला कळवा, माझी आजी त्यात असेल.

आमचा पाडा त्या बोर्डीतला नाही. घोलवडचे रूळ ओलांडून पूर्वेला जायचं, बारडच्या डोंगराकडं. पारशी लोक त्याला बाहरोट म्हणतात. संजाण पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं या डोंगरावरच्या गुहांमध्ये जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. आजही भाविक तिथं येतात. आजी त्यांना वाट दाखवायची. 'विस्तवाला भेटायला आलेत' असं म्हणायची. तिला त्यात काही नवल वाटत नसे. विस्तव जपावा लागतो हे तिला कळत होतं. पावसाळ्यात पाड्यातल्या एका घरी तरी राखेखाली निखारा असायचाच, आणि बरेचदा ते घर तिचं असायचं.

ती उंचीनं एवढीशी. माझ्या बरगडीला लागायची. तरुणपणी डोंगरावरून लाकडाची मोळी घेऊन बोर्डीच्या बाजारात उतरायची, मोळी विकून मीठ आणि सुके बोंबील घेऊन वर यायची. म्हणून शेवटपर्यंत तिच्या डोक्यात भाव मोळीत चालायचे. मी पहिला मोबाइल घेतला तेव्हा तिनं विचारलं, किती मोळ्यांचा? मी हिशोब करायला बसलो आणि सोडून दिला.

मला शिकायला शहरात पाठवलं तेव्हा तिनं पिशवीभर कच्चे चिकू दिले. पेंढ्यात घालून ठेव म्हणाली. आता होस्टेलात पेंढा कुठून आणू? मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखाली ठेवले आणि विसरलो. आठ दिवसांनी सगळ्या मजल्याला वास. फोन करायला लागली तेव्हा एकच प्रश्न असायचा. जेवलास का? काय जेवलास? डाळभात म्हटलं की, डाळ कशाची? मासळी नव्हती का? मग फोन बंद. ख्यालीखुशाली नाही, राजकारण नाही. आणि घरी गेलो की आधी माझा हात धरून नखं बघायची. पस्तिशीचा झालो तरी बघायची.

नखांची ही सवय कुठून आली ते पुढं कळलं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच उचलून पोरांच्या अंगणात नेली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिची मुळं तिथं आहेत. पुढं ते काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आजी तेव्हा शाळेत घालायच्या वयाची राहिली नव्हती, निदान घरच्यांच्या मते. तिच्या काखेत धाकटा भाऊ होता. त्याला तिथं सोडायचं, आणि तो रडला तर उचलायचा, म्हणून ती बाहेर बसून राहायची. आत पोरांची नखं तपासायचे, खडे-शिंपले मांडून मोजायला शिकवायचे. भाऊ विसरला. बाहेर बसलेली ही नखं तपासायचं आयुष्यभर विसरली नाही. मोजायचंही विसरली नाही. अक्षर मात्र लांबच राहिलं.

आता ती मेली त्या दिवसाचं सांगतो. मृत्यूची नोंद करायला गेलो. वय किती? बाप म्हणाला नव्वद. आत्या म्हणाली, शंभर तरी असेल. आधार कार्डावर १ जानेवारी १९४०. तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो, आमच्या अर्ध्या पाड्याचा वाढदिवस १ जानेवारीला असतो. मशीनपुढं बसलेल्या पोरानं ज्याला तारीख ठाऊक नाही त्याला १ जानेवारीला जन्माला घातलं. मी म्हटलं, कार्डावर आहे ते लिहा. काम उरकायचं होतं.

घरी येताना जाणवलं की मी चुकीचं लिहून आलोय. तिचं वय मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं, तिच्या पद्धतीनं.

२३ मे १९४५ ला झरीला सभा झाली. तेव्हा झरी उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरीत. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचे लोक, आणि पाच-एक हजार वारली. तुमच्यापैकी ज्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलंय त्यांना ही गोष्ट माहीत आहे. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, वेठ करायची नाही, असं ठरलं. आजी त्या सभेला होती. बापाबरोबर रात्रीच निघून चालत गेली. दहाएक वर्षांची असेल, कारण परत येताना तिला कुणी खांद्यावर घेतलं नाही, आणि धाकट्या बहिणीला घेतलं. तिचा जन्मदाखला हा असा आहे. म्हणजे जन्म १९३५ च्या आसपास.

तिचा बाप लग्नगडी होता. लग्नाला सावकाराकडून पैसे काढायचे आणि त्या बदल्यात नवऱ्यानं त्याच्याकडं राबायचं. बायकोनंही राबायचं. पैसे फिटायचे नाहीत. फिटू द्यायचेच नव्हते.

मी तिला कितीदा विचारलं असेल, सभेत बाई काय बोलल्या? गोदाराणी काय बोलल्या? तिला आठवत नव्हतं. लांब बसली होती, भूक लागली होती. तिला आठवत होतं ते हे, की परत येताना बाप मोठ्यानं बोलत होता. सावकाराच्या घरावरून वाट जायची. तिथं आलं की सगळे आवाज खाली करायचे, पायसुद्धा हळू टाकायचे. त्या दिवशी बाप तिथूनही मोठ्यानं बोलत गेला. काय बोलत होता? तर बैलाबद्दल. कुणाच्या तरी बैलाचा खूर सुजला होता त्याबद्दल. पण मोठ्यानं.

त्याच साली १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. तरी लोक मागं हटले नाहीत. गवतकापणीचा दर पाचशे पौंडाला अडीच रुपये मागितला होता. आजीला तो दर शेवटपर्यंत पाठ होता. पौंड म्हणजे किती, हे ठाऊक नव्हतं.

आता माझी गोष्ट. मी शहरात आलो, चळवळीत आलो, बोलायला लागलो. बोलण्याची सुरुवात ठरलेली असायची. 'माझी आजी वेठीत जन्मली आणि वेठीतच मेली!' ती जिवंत असताना बोलायचो हे. वाक्य चांगलं लागायचं. टाळ्या पडायच्या. एकदा कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत पाड्यावर गेला आणि माझ्या चुलतभावानं तिला दाखवला. पुढच्या खेपेला गेलो तर तिनं नखं बघितली नाहीत. म्हणाली, मला मारून आलास? मी म्हटलं, आजी, ते भाषणात तसं बोलतात. ती म्हणाली, मेले ते सोड, सगळे मरतात. वेठीत कशी मेले? वेठ माझ्या बानं टाकली. माझ्या डोळ्यांसमोर टाकली. तू ती परत माझ्या डोक्यावर ठेवलीस.

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. आपल्याला मार खाल्लेली आजी लागते, मित्रहो. तिचा बाप मोठ्यानं बोलत गेला हे आपल्या भाषणात बसत नाही. फार छोटं वाटतं.

थोडं विषयांतर करतो. आमच्याकडं लग्नात भिंतीवर चौक काढतात. तांदळाच्या पिठानं, गेरूच्या भिंतीवर. त्यात पालघट देवी असते. ते काम सवाशिणींचं. आणि आमच्या बोलीत चौक काढत नाहीत, लिहितात. निरक्षर बाई चौक लिहिते. आजोबा गेल्यावर आजीचं लिहिणं बंद झालं. विधवेनं लिहायचं नसतं. पण लग्नघरी तिला बोलवायचे, ती कोपऱ्यात बसून सांगायची, इथं ओळ चुकली, तिथं घोडा राहिला. पुढं आमच्याच भागातल्या जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा आदर आहेच. पण आता हॉटेलच्या भिंतीवर, कपबशीवर, कुर्त्यावर आमची माणसं नाचत असतात. मुंबईत एका हॉटेलच्या दारात आजीला ती भिंत दाखवली. बराच वेळ बघितली. म्हणाली, छान आहे. लगीन कुणाचं?

विषयावर येतो. हे सांगण्यासाठीच उभा आहे.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो त्याला त्या जमिनीचा हक्क. आमच्या पाड्यातली बरीच घरं प्लॉट कसतात. नागली, वरी, तूर, खालच्या बाजूला भात. पिढ्यान्‌पिढ्या कसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या गार्डाला कोंबडी देतात. कागद नाही. कायद्याच्या नियमांमध्ये तेरावा नियम पुराव्याचा आहे. त्यात सरकारी कागद आहेत, तसंच बांध, विहीर, जुनी झाडं अशा जमिनीवरच्या खुणा आहेत. आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं, हाही पुरावा आहे. एकाहून जास्त पुरावे लागतात. ज्याच्याकडं कागद नाही त्याच्याकडं मग उरतं काय? जमिनीवरचा बांध, आणि तो कुणी घातला हे सांगणारं म्हातारं माणूस.

म्हणजे बघा. ज्या बाईला आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही, तिचं बोलणं कायद्यानं पुरावा झालं. तेही स्वतःसाठी नाही. स्वतःच्या दाव्यात तिची साक्ष चालत नाही. ती शेजाऱ्यासाठी.

आमच्या भागात काम करणारा एक कार्यकर्ता आहे. पहिल्यांदा तो वही घेऊन तिच्यापुढं बसला तेव्हा मी होतो तिथं. तो विचारी, आजी, हा प्लॉट किती साली काढला? ती म्हणे, हिच्या सासूच्या लग्नाला मी चौक लिहिला त्याच्या पुढच्या पावसाला. तो डोकं धरून बसला. मग त्यानं एक युक्ती केली. कुडावर कागद चिकटवला आणि त्यावर साल लिहायला लागला. झरीची सभा, १९४५. उंबरगाव गुजरातेत गेलं, १९६०. तारापूरचं अणूचं काम, तिथं तिचा भाऊ खडी फोडायला होता, ते १९६९ ला चालू झालं. दुष्काळातली सुकडी, १९७२. डहाणूच्या थर्मलची चिमणी, १९९५ च्या सुमाराला. आता आजी बोलायला लागली की तो विचारी, चिमणीच्या आधी की नंतर? सुकडीच्या आधी की नंतर? आणि ती फाडफाड सांगे. कुणी झाड तोडलं, कुणी दगड वेचले, कुणाच्या बांधाखाली कुणाची नाळ पुरली आहे. एका दुपारी चार प्लॉटांचं झालं. खाली अंगठा. अंगठा लावायच्या आधी तिनं बोट पदराला पुसून घेतलं, आणि त्या कार्यकर्त्याची नखं बघितली.

तीन प्लॉट राहिले. दोन वारल्यांचे. तिसरा प्लॉट आपला. आपला म्हणजे तुमचा. आमच्या पाड्याच्या टोकाला एक बौद्ध घर आहे. आदिवासी नसलेल्याला कायदा जास्त कठीण आहे. २००५ च्या आधी तीन पिढ्या, एक पिढी पंचवीस वर्षांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षं. १९३० पासूनचा पुरावा द्या म्हणतात. १९३० पासूनचा पुरावा कुठून आणायचा त्या माणसानं?

तो आजीकडं होता. त्या घराच्या पणज्यानं आणि माझ्या आजीच्या बापानं, दोघं मिसरूड न फुटलेली पोरं असताना, नाल्यातून दगड ओढून तो बांध घातला होता. बापानं तिला जागा दाखवून सांगितलं होतं. ही गोष्ट आजी मला लहानपणी झोपताना सांगायची. एक दगड घसरून बापाचा अंगठा चेचला तिथं आली की ती माझ्या पायाचा अंगठा ओढायची.

इथं एक गोष्ट लपवणार नाही. आजी त्या घरचं पाणी पीत नव्हती. झरीला त्यांच्या शेजारी बसली असेल, पण पाणी नाही. आमच्यात हे होतं. आदिवासी म्हणजे निर्मळ, जातबीत नाही, असं जे शहरात सांगतात ते खोटं आहे. हे पुढं सुटलं. कधी, ते तिलाही सांगता आलं नाही. माझा अंदाज असा, की त्या घरच्या बाईनं माझ्या आत्याचं बाळंतपण केलं त्या रात्री. तिथं पाण्याशिवाय भागलं नसेल. पुढं मी चळवळीत आलो. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण हे सांगताना आदिवासींनाही धरलं आहे, हे मी तिला मोठ्या हुशारीनं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे ते लोक तुझ्या घरी जेवतात ना?

तर तीन प्लॉट राहिले होते. कार्यकर्त्याचा फोन आला. म्हणाला, आजीला आता ऐकू येत नाही, माझं काही तिला कळत नाही. तुझा आवाज ओळखते. एक रविवार ये, दोन पानांचं काम आहे.

पहिल्या रविवारी आपली परिषद होती. इथले बरेच जण होता तुम्ही, आठवत असेल. दुसऱ्या रविवारी एका कॉलेजात परिसंवाद होता. विषय ऐका. 'मौखिक परंपरा आणि वंचितांचा इतिहास'. मी निबंध वाचला. त्यात आजी होती. झरी होती. मोठ्यानं बोलणारा बाप होता, एवढी तरी अक्कल आली होती. लोक उठून भेटायला आले. एक बाई म्हणाल्या, तुमच्या आजींचं हे कुणीतरी नोंदवून ठेवायला हवं. मी म्हटलं, हो, हवंच.

तिसऱ्या रविवारी गेलो. शनिवारपासून ती बोलायची बंद झाली होती. डोळे उघडे होते. माझा हात तिनं हातात घेतला, पण बोटं चाचपली नाहीत. मंगळवारी गेली.

दोन पानं. पहिल्या डहाणू लोकलनं निघून रात्री परत येता आलं असतं. मी काही फार मोठा गुन्हा केला असं नाटक करत नाही. पण १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं, ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जमिनीवरून हटवा, असा आदेश दिला होता. पंधरा दिवसांत त्याच न्यायालयानं तो थांबवला. त्या पंधरा दिवसांत आमच्या पाड्यात कुणी नीट जेवलं नव्हतं. आजी रोज त्या बांधावर जाऊन बसायची. हे मला माहीत होतं. माहीत असून मी निबंध वाचत होतो. आता तर आमच्या भागातून बुलेट ट्रेन चालली आहे, एक्स्प्रेसवे चालला आहे. ज्याच्याकडं कागद त्याच्याशी निदान बोलतात तरी.

मेल्यावर काही दिवसांनी त्या बौद्ध घरचा माणूस भेटायला आला. माझ्याच वयाचा आहे. कोंबडी घेऊन आला होता. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी. तो म्हणाला, तुला ती दगडाची गोष्ट येते ना? तूच सांग ना समितीला. मी म्हटलं, मला येते रे, शब्दन्‌शब्द येते. पण मी वडीलधारा नाही. माझं वय छत्तीस. दोघंही बघत बसलो. आयुष्यभर ज्या बाईचं वय कुणाला धड सांगता आलं नाही, तिच्या वयाचीच आता गरज होती.

मग मला तिची बहीण आठवली. झरीहून येताना जिला खांद्यावर घेतलं होतं ती. तिला उंबरगावकडं दिली होती. १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि ती बसल्या जागी गुजरातेत गेली. तिची नातवंडं गुजराती शिकली, रेशनकार्ड गुजराती. बोर्डीपासून हाकेच्या अंतरावर, पण आमचं जाणं-येणं लग्ना-मरणाला.

मागच्या रविवारी गेलो. तो बौद्ध मित्र बरोबर होता. तिच्या घरी आधी पाणी आलं, दोघांनी प्यालो. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, मावशे-आजी, नाल्यावरचा बांध कुणी घातला? तिचा चेहरा उजळला. लगेच सांगायला लागली. आमच्या बानं आणि टोकाच्या घरच्या पोरानं. दगड ओढून. मी लिहायला लागलो, हात कापत होता. तेवढ्यात म्हणाली, दगड बाच्या हातावर पडला, बोट मोडलं. मी म्हटलं, हातावर? पायाच्या अंगठ्यावर ना? ती विचारात पडली. म्हणाली, हाताच्या बोटावर. की पायाच्या? मग म्हणाली, तिला विचार ना. ती मोठी, तिला जास्त ठाऊक.

आम्ही तिला मेल्याचं कळवलं होतं. दिवसाला आली होती ती. मी परत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. आतून कुणीतरी चहा आणला. चालेल का हे सांगणं, बाईचं घर दुसऱ्या राज्यात, एक बोट इकडचं तिकडं, ते समिती ठरवील. मी दोन्ही लिहिलंय, हातही आणि पायही.

अंगठा घ्यायला शाई पुढं केली तेव्हा ती म्हणाली, आधी लिही, की मी धाकटी आहे.

लिहिलंय. वयापुढची जागा मोकळी ठेवली आहे.